इसब पायाला, दुखणं शिरेचं

चांदीचे पैंजण सकाळी सैल असायचे आणि दिवे लागेपर्यंत घोट्यात रुतायचे. हुपरीहून आणलेले, माप बघून घेतलेले, त्यामुळं पैंजणच लहान झाले म्हणायला जागा नव्हती. पाय फुगत होते. रात्री आडवं झालं की सकाळपर्यंत सूज ओसरायची, आणि जी सूज सकाळी दिसत नाही तिला घरात कुणी आजार म्हणत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमची लहानशी खानावळ आहे. पहाटे पीठ मळण्यापासून दुपारचं शेवटचं ताट उठेपर्यंत, आणि चारनंतर पुन्हा रात्रीच्या तयारीला, माझं सगळं काम ओट्यापाशी उभ्यानं. भाकरी उभ्यानं थापायची, तांबडा-पांढरा उभ्यानं उकळायचा, डबे उभ्यानं भरायचे. त्याआधी तीन बाळंतपणं झालेली. साठी ओलांडली तरी यात फरक पडला नाही.

हे आधी सांगते, कारण पुढं दवाखान्यात पायाच्या कातडीचं निदान करताना डॉक्टरांनी कातडीपेक्षा हेच जास्त विचारलं.

डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर, तपकिरी ठिपके उमटले. सुरुवातीला सुटे सुटे होते, मग एकमेकांत मिसळून काळपट पट्टा झाला. त्या पट्ट्यावरची कातडी कोरडी पडली, बारीक कोंडा सुटू लागला आणि खाज सुरू झाली. दिवसा कामाच्या नादात ही खाज कळत नाही. रात्री पाय पांघरुणात गरम झाले की ती जोर धरते आणि झोपेतच माणूस दुसऱ्या पायाच्या टाचेनं घासत राहतो. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक डाग दिसायचे. पुढं खाजवलेल्या जागेतून पातळ लस यायला लागली. परकराची किनार तिथं चिकटायची आणि सोडवताना खपली निघून यायची. काही महिन्यांनी उजव्या पायालाही, अगदी त्याच जागी, तोच प्रकार सुरू झाला.

नऊवारी असो नाहीतर सहावारी, बाईच्या पायाचा हा भाग कुणाच्या नजरेला पडत नाही. रक्तदाबासाठी दवाखान्यात जाणं होतं, तिथं दंडाला पट्टा बांधतात, छातीला नळी लावतात आणि गोळ्या लिहून देतात. साडी वर घेऊन पाय दाखवायला कुणी सांगत नाही आणि आमच्या वयाची बाई आपण होऊन दाखवत नाही. माझ्या मते हा आजार इतका उशिरा ओळखला जातो त्याचं हे मोठं कारण आहे.

दुसरं कारण रंगाचं. नातवानं मोबाईलवर पायाच्या इसबाचे फोटो काढून दाखवले. सगळे गोऱ्या पायांचे, लालभडक. माझ्या सावळ्या पायावर लाल काहीच नव्हतं. मधे तपकिरी, कुठं जांभळट, कडेनं राखाडी. "हे तुझं न्हाई आजी, तुझं येगळं हाय," असं तो म्हणाला आणि त्या वेळी मलाही ते पटलं. पुढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आपल्या कातडीवर लाली झाकली जाते. आपल्याकडं काळपटपणा बघायचा, जांभळी झाक बघायची, हाताला गरम लागतं का आणि कातडी ताणलेली आहे का ते चाचपायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लाल दिसेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर आपल्या रंगाच्या माणसाला ते दिसणारच नाही.

तोवर गावानं आपापली नावं ठेवून झाली होती. कुणी म्हणे उष्णता लई झालीया, कुणी म्हणे रक्त बिघडलंय, कुणी नायटा म्हणून मोकळं झालं. गल्लीतल्या एका म्हातारीनं हळूच महारोगाचं नाव काढलं. ज्या घरात रोज परकी माणसं ताटावर बसतात त्या घरात हा शब्द किती जड पडतो, ते खानावळ चालवणाऱ्यालाच कळेल. मी त्या दिवसापासून स्वयंपाकघरात पायमोजे घालायला लागले. ते कॉटनचे साधे मोजे, आणि लस लागून संध्याकाळी तेही चिकटायचे.

उपाय पुष्कळ झाले. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद आणि खोबरेल तेल, मीठ घातलेल्या कढत पाण्यात पाय बुडवून बसणं, जंतुनाशक टाकून धुणं. मग मेडिकलमधून आणलेलं एक मलम. त्यात कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक असं सगळं एकत्र होतं. लावलं की खाज थांबायची आणि सोडलं की दुपटीनं उसळायची. त्यानंतर एका दवाखान्यात सूज, लस आणि गरम लागणारी कातडी बघून सेल्युलायटिस झालंय असं सांगितलं, म्हणजे कातडीच्या आत जंतूंचा संसर्ग. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, त्यानं भागलं नाही म्हणून आणखी भारी गोळ्यांचा दुसरा. पोट बिघडलं, तोंडाची चव गेली, पाय आहे तसाच राहिला. मला ना ताप होता ना पाय ठणकत होता. मला खाज होती, आणि ती दोन्ही पायांना होती. या गोष्टींना किती अर्थ आहे ते पुढं समजलं.

मग एकाएकी दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, बारीक पुरळ उठलं. हातांना तर कसली सूज नव्हती, काळा डाग नव्हता. घरात सगळ्यांचीच घाबरगुंडी उडाली. माझी भाची नर्स आहे. ती म्हणाली, "मावशी, आता मलमं बंद कर. उद्या माझ्यासंगं चल." दसरा चौकाजवळ सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेऊन तिनं केसपेपर काढला आणि आम्ही त्वचारोगाच्या ओपीडीत बसलो.

तिथली तपासणी मी सविस्तर सांगणार आहे, कारण ती घरी बसून प्रत्येकाला स्वतःच्या आईची, सासूची, वडिलांची करता येईल, निदान अर्धी तरी.

डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी पलंगावर झोपवलं नाही, उभं केलं. "मावशी, साडी गुडघ्याच्या वर घ्या आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा. शिरा झोपल्यावर दिसत नाहीत." मग त्या खाली वाकून, उजेडात, पुढून आणि मागून बघत राहिल्या. गुडघ्याच्या मागं आणि पोटरीच्या आतल्या अंगाला माझ्या शिरा वळ्या वळ्यांनी फुगलेल्या होत्या. मला त्या माहीत होत्या, पण डाग एकीकडं आणि शिरा एकीकडं, असंच मी समजत होते. घोट्याच्या आतल्या बाजूला बारीक निळ्या शिरांचं जाळं होतं, ते मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. बाईंनी नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला आणि सोडला. खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही. डागावरची कातडी चिमटीत धरून बघितली. "अजून उचलली जाते, हे चांगलं आहे," म्हणाल्या. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर तिथली कातडी आणि खालची चरबी घट्ट, दडस होऊन हाडाला चिकटते, घोट्याच्या वर पाय आवळून बारीक होतो आणि पोटरी तेवढी फुगीर राहते. तशी अवस्था आली की पाय मागं फिरणं अवघड.

मग एकेक शंका त्यांनी काढून टाकली. डागावर कापसाची वात टेकवून डोळे मिटायला लावले आणि विचारलं, कुठं लागतंय सांगा. मला सगळीकडं कळलं. महारोगाच्या चट्ट्यात स्पर्श कमी होतो, तो इथं शाबूत होता. केसपेपरवर त्यांनी ते लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी लपवलं नाही. कोंडा खरवडून काचेवर घेतला आणि एका द्रावणाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बुरशी शोधली. सापडली नाही. नायट्याची कड उठावदार असते, वाढत जाते आणि मधला भाग निवळतो. माझ्या पायाला तशी कड नव्हती. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटून पाहिली. हत्तीपायात ती चिमटीत येत नाही आणि सूज पाऊल-बोटांवरही चढते. माझी बोटं बारीकच होती. चप्पल कुठली वापरता, तेही विचारलं. मी आयुष्यभर कोल्हापुरी घालते. चपलेच्या चामड्याची अॅलर्जी असती तर पुरळ पट्ट्याखाली, पावलाच्या वरच्या अंगाला आलं असतं, पट्टा जिथं पोचतच नाही तिथं घोट्याच्या वर आलं नसतं.

आणि सेल्युलायटिस? त्याचं उत्तर मला पाठ झालंय. तो संसर्ग बहुतेक वेळा एकाच पायाला होतो, एक-दोन दिवसांत अचानक वाढतो, पाय दुखतो, हात लावू देत नाही, ताप-थंडी येते. दोन्ही पायांना एकाच वेळी होणं फार दुर्मीळ. महिनोन्‌महिने रेंगाळणारं, खाजणारं, कोंडा सुटणारं, दोन्ही पायांना सारखं असलेलं दुखणं बघितलं की आधी शिरांकडं बघायचं. फुगलेल्या शिरा असलेल्या पायाला सेल्युलायटिस होऊच शकत नाही असं मात्र नाही. भेगेतून, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांमधून जंतू आत शिरतात. म्हणून बाईंनी माझ्या बोटांच्या बेचक्याही फाकवून बघितल्या.

शेवटी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्टॅसिस डर्माटायटिस. शिरांमध्ये रक्त तुंबल्यानं होणारा इसब. कातडीचा तुकडा काढून तपासायची गरज नाही, उलट अशा पायावर केलेली जखम लवकर भरत नाही, म्हणून तो टाळलेलाच बरा.

बाईंनी कारण समजावलं ते असं. पायातलं रक्त वर हृदयाकडं चढतं ते चालताना पोटरीचा स्नायू शिरांना पिळतो म्हणून. शिरांच्या आत जागोजाग झडपा असतात. रक्त वर गेलं की त्या मिटतात आणि ते खाली येऊ देत नाहीत. माणूस नुसता उभा राहिला की घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरचा दाब असतो. निरोगी पायात चालायला लागलं की तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा सैल झालेल्या पायात तो उतरत नाही. आमचे हे सोबत होते. नदीकाठाला आमचा थोडा ऊस आहे, मोटरीशी त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, "म्हंजे फुटव्हॉल्व्ह गेल्यावानी की. पाणी वर चढतंय, मोटर बंद केली की सगळं पाइपातनं खाली." बाई म्हणाल्या, अगदी बरोबर.

खाली आलेल्या रक्ताचा दाब मग बारीक केशवाहिन्यांवर पडतो. त्या पाझरतात. पाणी बाहेर येतं तीच सूज. तांबड्या पेशीही बाहेर पडून तिथंच फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठून राहतं. माझ्या पायावरचा तपकिरी रंग हा तो लोहाचा रंग. मळ नव्हता तो, उष्णता नव्हती, बिघडलेलं रक्तही नव्हतं. आणि या सगळ्यानं कातडीत दाह धुमसत राहतो, म्हणून खाज. हातांवरचं पुरळही पायाचंच. पायाचा इसब फार उसळला की शरीर दुसरीकडंही पुरळ काढून दाखवतं. पाय निवळला की हात आपोआप निवळतात. तसेच ते निवळले.

मलमाबद्दल बाई जरा कडक बोलल्या. तुंबलेल्या शिरांच्या पायाची कातडी औषधांना फार लवकर विटते आणि निओमायसिन हे त्यातलं नेहमीचं नाव. सुगंधी क्रीम आणि लोकरीच्या मेणाची लॅनोलिन असलेली मलमंही तसलीच. मूळ दुखण्यावर वरून अॅलर्जीचा इसब चढला की कुठलं कशामुळं ते ओळखूच येत नाही. यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर संशयित पदार्थांच्या चिकटपट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा. माझी निओमायसिनची जागा उठली.

दोन्ही पायांना सूज म्हटल्यावर हृदय, मूत्रपिंड, लिव्हर, थायरॉइड यांच्याही तपासण्या झाल्या, त्या ठीक निघाल्या. रक्तदाबाची गोळी कुठली, असं विचारलं. अॅम्लोडिपिन. त्या गोळीनं कित्येकांच्या घोट्यांना सूज येते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून ती बदलली. स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, हे भाचीनं मला दहादा बजावलं.

मग शिरांचा कलर डॉपलर. सोनोग्राफीच आहे, पण उभं राहून करायची. झोपवून केली तर झडपांचा दोष पुरता पकडता येत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेपासून घोट्यापर्यंत जी मोठी शीर जाते तिच्यावर यंत्र टेकवलं, पोटरी हातानं दाबली आणि सोडली. दाबल्यावर पडद्यावर एक रंग वर सरकला आणि मशीनमधून सूंऽऽ असा आवाज आला. सोडल्यावर तिथं शांतता हवी होती. त्याऐवजी दुसरा रंग खाली घरंगळत आला आणि आवाज लांबत गेला. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं तर त्या शिरेची झडप निकामी धरतात. माझ्या डाव्या पायात ते त्याच्या कितीतरी पुढं होतं, उजव्यात थोडं कमी. खोलवरच्या शिरांत गुठळी नव्हती. एकच पाय अचानक सुजला आणि दुखायला लागला तर मात्र ती गुठळी असू शकते आणि तेव्हा थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रिपोर्टवर सी ४ असं लिहिलं होतं. शिरांच्या आजाराच्या पायऱ्या शून्यापासून ६ पर्यंत मोजतात. फुगलेल्या शिरा म्हणजे २, सूज म्हणजे ३, कातडी बदलली की ४, भरलेली जखम ५ आणि उघडी जखम ६. जखम होते ती बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूलाच, जिथं माझा डाग आहे तिथं.

"घरात कुणाला असं होतं का?" असं बाईंनी विचारलं तेव्हा मला माझी आई आठवली. तिच्या डाव्या घोट्याला बारमाही चिंधी गुंडाळलेली असायची. शेणकुटाची राख, झेंडूचा पाला, कुठला कुठला लेप. उन्हाळ्यात जखम भरत आली असं वाटायचं आणि भात लावणीला पुन्हा उघडायची. कुणी म्हणायचं तिच्या पायाला नजर लागली. ती गेली तोवर ती जखम तिच्याबरोबर होती, आणि त्या जखमेला कुणी नाव दिलं नाही. झडपांचा हा दोष घराण्यात चालत येतो. आता माझ्या दोन्ही मुलींना मी संध्याकाळी पाय बघायला सांगते. धाकटी बँकेत दिवसभर खुर्चीत बसते. पाय खाली सोडून तासन्‌तास बसणंही वाईटच.

उपचाराचा गाभा मलमात नाही, दाबात आहे. बाहेरून आवळून धरणारे मोजे, घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर कमी होत जाणारा दाब देणारे. ते लिहून देण्याआधी पायाच्या धमन्या तपासल्या. दंडाचा रक्तदाब आणि घोट्याचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ०.९ च्या वर असेल तर ठीक, ०.८ च्या खाली आलं तर जपून, ०.५ च्या खाली असेल तर मोजे अजिबात नाहीत, कारण पायाला आधीच रक्त कमी पोचत असतं आणि आवळल्यानं पाय जायचा. मधुमेह्यांच्या धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला दाखवतो, त्यांना वेगळी तपासणी लागते. हृदय थकलेल्यांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाहीत. माझा आकडा १ च्या जवळ आला आणि २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळाले.

हे मोजे चढवणं हे एक वेगळंच काम आहे. ते सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी घालायचे, सूज चढण्याआधी. सुरुवातीला सून आणि मी दोघी मिळून घालत होतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवायचं, टाच टाचेत बसली की थोडा थोडा वर उलगडत न्यायचा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते. जोडव्यांत धागा अडकतो. मी जोडवी काढली नाहीत, त्यांच्यावर पातळ कापडाची पट्टी गुंडाळते. चैत्र-वैशाखात चुलीपुढं ते मोजे नकोसे होतात हे खरं आहे. तरी संध्याकाळी पाय हलके राहतात, ती हलकी संध्याकाळ मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. रात्री काढायचे, साध्या साबणानं धुवायचे, न पिळता सावलीत वाळवायचे. सहा महिन्यांच्या आसपास ताण सैल पडतो आणि नवे घ्यावे लागतात.

मलमं दोनच राहिली. मधल्या ताकदीचं स्टेरॉइड, तेही थोडे दिवस, खाज निवळेपर्यंत. आणि साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली, आंघोळीनंतर अंग ओलसर असताना. पण मोज्यांखाली सकाळी नाही, रात्री. कढत पाणी बंद, जंतुनाशक बंद. दुपारी गर्दी ओसरली की अर्धा तास आडवं व्हायचं आणि पाय छातीच्या वर येतील इतक्या उशा घ्यायच्या. खुर्चीसमोर स्टूल ठेवून पाय ठेवले तर ते पुरत नाही, पाय हृदयाच्या वर जायला हवेत. यांनी कॉटच्या पायथ्याला विटा लावून दिल्यात. ओट्यापाशी उभी असते तेव्हा भाकरी तव्यावर भाजेपर्यंत टाचा उचलते आणि टेकवते, पोटरी पिळत राहते. सकाळी संध्यामठाच्या बाजूनं रंकाळ्यावर चालते.

खाज काही आठवड्यांत गेली. लस थांबली, कोंडा गेला, कातडी मऊ झाली. काळा रंग थोडा फिका झाला, पुरता गेला नाही, आणि पुरता जाणार नाही असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. रंग राहिला म्हणजे आजार तसाच आहे असं नाही. कातडीतलं लोह सहज निघत नाही. मोजे चार दिवस सुटले की मात्र खाज परत हजर होते, कारण झडप काही दुरुस्त झालेली नाही. झडप गेलेली शीर आतून लेसरनं किंवा रेडिओलहरींनी बंद करता येते. जागेपुरती भूल देऊन, सोनोग्राफीत बघत करतात आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. रक्त मग चांगल्या शिरांतून वाट काढतं. डाव्या पायाचं तसं करायचं ठरलंय, गणपती झाले की. सणाच्या दिवसांत खानावळ सोडून येता येत नाही.

आमच्याकडं भाकरीला येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी माझे मोजे बघितले आणि दोन-तीन दिवस काही बोलल्या नाहीत. मग भांडी आवरताना म्हणाल्या, "आक्का, माझाबी पाय काळा पडलाय. बघतीस काय?" मी दार लोटून घेतलं, त्यांना उभं केलं आणि दिव्याखाली बघितलं. घोट्याच्या आतलं अंग काळं, नडगीवर अंगठ्याचा खळगा, गुडघ्यामागं शिरांच्या गाठी. त्यांना नायटा म्हणून मलम दिलं होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की ओपीडीत जाताना लावलेली सगळी मलमं आणि खाल्लेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची. संध्याकाळी पाय किती सुजतो त्याचा फोटो पोराला काढायला सांगायचा, कारण ओपीडी सकाळची असते आणि तेव्हा सूज उतरलेली असते. कुणी फक्त डाग बघून चिठ्ठी लिहायला लागलं तर "उभं राहून शिरा बघता का?" असं आपण होऊन विचारायचं. आणि मोजे लिहून दिले तर दुकानात माप सकाळी उठल्या उठल्या जाऊन द्यायचं, घोट्याचं आणि पोटरीचं वेगवेगळं. संध्याकाळी दिलेलं माप सुजलेल्या पायाचं असतं.